तीन कुलपांची पेटी

बँकेत लॉकर उघडायला गेलं की आधी बँकेचा माणूस आपली किल्ली फिरवतो, मग आपण आपली. एकट्याने तो ना त्याला उघडता येतो, ना आपल्याला. एस्केप रूममध्ये, म्हणजे कोडी सोडवून बाहेर पडायच्या बंद खोलीत, चार-सहा जणांनी मिळून सोडवायचं जे कोडं असतं, त्याचं कूळ शोधायचं तर खेळण्यांच्या दुकानात नाही, इथे शोधावं.

एस्केप रूमचा स्वतःचा जन्म अगदी अलीकडचा. २००४ मध्ये जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांचा ‘क्रिमसन रूम’ हा संगणकावरचा खेळ आला. बंद खोली, हातात माऊस, खेळणारा एकटा. २००७ मध्ये ताकाओ कातो यांच्या ‘स्क्रॅप’ने क्योतोत तोच प्रकार खऱ्या जागेत, हाडामांसाच्या माणसांना घेऊन केला. २०११ मध्ये बुडापेस्टला ‘पॅरापार्क’ निघालं आणि युरोपात हे लोण पसरलं. माणसं वाढली, पण कोडं एकट्याचंच राहिलं. गटातला एक हुशार भराभर सोडवतो, बाकीचे टॉर्च धरून उभे.

यावरचा तोडगा आठशे वर्षं जुना आहे. ११९९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी धर्मयुद्धाच्या निधीसाठी चर्चमध्ये पेटी ठेवायला सांगितली. तिला तीन किल्ल्या. एक बिशपकडे, एक तिथल्या धर्मगुरूकडे, एक कुणा भाविक गृहस्थाकडे. पुढे पोर्तुगीज कारभारात ही पद्धत चांगलीच मुरली. अनाथांचा पैसासुद्धा अशाच पेटीत, किल्ल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला. वसईवर दोनशे वर्षं राज्य केलं ते याच कारभाराने. पेटी करवून घेणाऱ्याचा बिशपावरही भरवसा नव्हता, हे मला फार आवडतं. खेळ रचणाऱ्यांनी तोच अविश्वास उचलला आणि दोस्तीच्या कामाला जुंपला.

पण कुलपं वाढवत नेली की हिशेब हाताबाहेर जातो. लिउ यांच्या १९६८ च्या गणिताच्या पुस्तकात एक उदाहरण आहे : अकरा शास्त्रज्ञ, कोणतेही सहा जमले तरच कपाट उघडायला हवं. त्याला लागतात ४६२ कुलपं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात २५२ किल्ल्या! १९७९ मध्ये संकेतशास्त्रज्ञ आदि शमीर यांनी याच उदाहरणापासून सुरुवात करून किल्ल्यांना फाटा दिला. वाटायचं ते गुपित. प्रत्येकाला त्याचा असा तुकडा द्यायचा, की पुरेसे तुकडे जमेपर्यंत काहीच कळू नये.

एस्केप रूमचा रचनाकारही हेच करतो. समजा वसईच्या किल्ल्यावर खोली रचायची आहे. मधे जाळी. अलीकडे बुरुजांची यादी, प्रत्येक नावापुढे एक आकडा. पलीकडे नकाशा, त्यावर आकडेच नाहीत, फक्त नावं आणि तटावरून फिरण्याची वाट. कुलूप तिसऱ्यापाशी, त्याला यातलं काहीच दिसत नाही. आता ओरडाओरडा सुरू. सेबॅस्टियन बुरुज आधी की रेमेडियोस? यात एक गोम आहे. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेताना चिमाजीअप्पांच्या मराठा फौजेने सुरुंग लावले ते याच बुरुजांना, त्यामुळे वसईकर पोरांना त्यांच्या जागा पाठ असू शकतात. अशा पोरांना यादी मिळाली तर नकाशावाला रिकामाच. म्हणून नावं काढून टाकावीत, खुणा द्याव्यात : मासा, होडी, घंटा. नकाशावरही त्याच खुणा, पण यादीवाल्याला न दिसणाऱ्या. आणि तो नकाशा कागदावर मुळीच नको, थेट भिंतीवर रंगवावा. जाळीतून कागद सरकवता आला की पुन्हा एकच हुशार आणि बाकीचे टॉर्चवाले.