विवाह-समुपदेशन
पतिपत्नींमधील दुरावा व त्यामागील भावनिक सवयी प्रशिक्षित, तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने उभयतांनी तपासून पाहण्याची पद्धती. भारतात कुटुंब न्यायालय अधिनियमाने (१९८४) तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. समेटाचा प्रयत्न करणे हे कलम ९ अन्वये न्यायालयाचे कर्तव्य ठरले. पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. अर्जातील तक्रार आणि खरे दुःख पुष्कळदा भिन्न असतात : पोटगीच्या रकमेवरून हुज्जत घालणारी स्त्री वस्तुतः वर्षानुवर्षांच्या उपेक्षेचा हिशेब मागत असते आणि अबोला धरणारा पती बालपणी घरात पाहिलेलीच रीत नकळत गिरवीत असतो, हे समुपदेशक दोघांशी प्रथम स्वतंत्रपणे व मग एकत्र बोलून उकलीत जातो. ॲल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी मांडलेली व महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती येथे विशेष उपयोगी पडते. कारण जोडीदाराच्या वर्तनापेक्षा ‘त्याने असे वागताच कामा नये’ हा दुराग्रहच संतापास अधिक कारणीभूत होतो, असे ती मानते. मारहाण होत असेल तेथे मात्र समजुतीचा आग्रह घातक होय. सुरक्षिततेची तजवीज आधी झाली पाहिजे. समेट हेच यशाचे एकमेव माप मानणेही चुकीचे असून, मुलांच्या ताब्याविषयी तडजोड करून सन्मानाने विभक्त झालेले दांपत्य हेही समुपदेशनाचे यशच होय.