मानसिक आरोग्य, सामुदायिक कार्यकर्त्यांमार्फत

मानसोपचारतज्ज्ञ सहजी न मिळणाऱ्या भागात प्रशिक्षित स्थानिक व्यक्तींनी नैराश्य, चिंता, व्यसन अशा तक्रारींवर समुपदेशन करण्याची पद्धत. भारतात तिची सर्वांत कसून तपासणी गोव्यात झाली. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने ‘मानस’ चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य केंद्रांत रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले, खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. पद्धतीचे कौतुक करताना हा दुसरा भाग बहुधा गाळला जातो.

पुढे नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचा आटोपशीर कार्यक्रम आखला गेला. रुग्ण सहसा ‘मन उदास आहे’ असे सांगत नाही. झोप नाही, अंग दुखते, अशक्तपणा वाटतो, एवढेच सांगतो. समुपदेशक त्याच्या बोलण्यातून सुटलेली कामे हेरतो: शेजारी जाणे, देवळात वा चर्चमध्ये जाणे, स्वयंपाक. त्यांतले एखादे पुढच्या भेटीपर्यंत करून पाहायचे ठरते. भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकून सहकारी समुपदेशकच एकमेकांना गुण देतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रम राबवला गेला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. तीव्र मनोविकार आणि औषधयोजना मात्र डॉक्टरांकडेच राहतात.