भूतकाळाचा ‘अ’

संस्कृतात ‘भरति’ म्हणजे वाहून नेतो. सुरुवातीला ‘अ’ लागला, प्रत्यय आखूड झाला, की ‘अभरत्’. हाच आगम ग्रीकमध्ये ‘एफेरे’त आणि आर्मेनियनच्या ‘एबेर’मध्ये दिसतो. बेहिस्तूनच्या जुन्या फारसी शिलालेखात सम्राट दरायस आपल्याला राज्य अहुरमज्दाने दिलं असं सांगतो, तेव्हा क्रियापद येतं ‘फ्राबर’. म्हणजे आपलं प्र + अभरत्!

पण लॅटिन, गॉथिक, हित्तीत या आगमाचा पत्ता नाही. ऋग्वेदात आणि होमरमध्येही त्याविना कितीतरी रूपं आहेत. म्हणून अनेक अभ्यासक त्याला मुळात एक सुटं अव्यय मानतात. त्याच्याही आधी धातूची रूपं वेगळी होत ती क्रिया कशी पाहिली यावरून: चाललेली, एका घासात पुरी झालेली, की मागे स्थिती ठेवून गेलेली. तिसऱ्या तऱ्हेचा सुंदर पुरावा ‘वेद’ हे रूप. ज्याने पाहिलं, तो आता जाणतो. रूप लिट्‌चं, म्हणजे या तिसऱ्या तऱ्हेचं, अर्थ वर्तमानाचा. ग्रीक ‘ओइदा’ नेमकं तसंच.

पाणिनीच्या काळापर्यंत ही वाटणी बदलली होती. भूतकाळाच्या तीन रूपांपैकी लुङ् कुठल्याही भूतकाळाला, ‘अभरत्’सारखं लङ् आजच्या आधीच्या गोष्टीला, लिट् आजच्या आधीच्या आणि न पाहिलेल्या गोष्टीला. इथे एक बारीक पेच होता, तो पतंजलीने उदाहरणाने दाखवला. यवनांनी साकेताला वेढा घातला. बोलणाऱ्याने तो पाहिला नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे आणि मनात असतं तर त्याला पाहताही आला असता. तिथे लिट् नको, लङ्‌चं ‘अरुणत्’ हवं. व्याकरणाच्या एका नियमाच्या उदाहरणात त्या काळाची ताजी बातमी जपली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढच्या संस्कृतात हे भेद पुसट झाले. पालीत लुङ् तगला. प्राकृतांत मात्र ‘तेन कृतम्’ (त्याच्याकडून केलं गेलं) अशा रचनेची चलती झाली आणि मराठीचा भूतकाळ तिथून आला. म्हणून ‘त्याने पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता पोळीकडे बघतं. ‘अ’ गेला, शेवटी ‘ल’ आला.

‘करी’, ‘जाई’ या मराठी रूपांची वाट तर उलटीच. ही संस्कृत वर्तमानाची वारसदार. अभंगाच्या शेवटच्या ‘म्हणे’त वर्तमान अजून शाबूत आहे. आज मात्र ‘तो रोज नदीवर जाई’ म्हटलं की मागचा काळ कळतो, आणि त्याहून आधी कळते ती सवय.