गाविलगड विभंग व सूक्ष्मकंप

अचलपूरच्या उत्तरेस गाविलगड डोंगरांच्या पायथ्याने गेलेला खडकांतील मोठा भंग. उत्तरेची बाजू उचलली गेल्याने सालबर्डीजवळ बेसाल्टखालचे गोंडवनी खडक उघडे पडले. दक्षिणेस पूर्णा नदीचा गाळ साचला.

ऑगस्ट २०१८ मध्ये याच डोंगरांच्या मुलखातील, म्हणजे मेळघाटातील साद्राबाडी (ता. धारणी) परिसरात भूगर्भातील आवाजांसह लहान धक्क्यांची मालिका जाणवली. उथळ धक्का क्षीण असला तरी गडगडतो. लोकांची घबराट म्हणूनच अवाजवी म्हणता येत नाही. अशा धक्क्यांचे केंद्र दूरच्या वेधशाळेतून नेमके ठरत नाही. गावाभोवती तात्पुरते भूकंपमापक मांडून प्राथमिक व दुय्यम तरंग किती सेकंदांच्या फरकाने पोचतात, हे पाहावे लागते.

एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथील कंपन या धक्क्यांहून निराळे. वऱ्हाडात ते संभवत नाही. जपानमध्ये काझुशिगे ओबारा यांनी २००२ मध्ये असे कंपन दाखवून दिले. ते दीर्घकाळ चालते, त्याला ठळक आरंभ नसतो. म्हणून अनेक केंद्रांवरील आलेखांचे चढउतार जुळवून ते वाऱ्याच्या व रहदारीच्या गोंगाटातून वेगळे काढतात. त्यासोबतचे मंद सर्पण, म्हणजे भूपट्टांचे सावकाश घसरणे, नेहमीच्या भूकंपमापकाला कळत नाही. उत्तर अमेरिकेच्या कॅस्केडिया किनाऱ्यावर ते जीपीएस केंद्रांच्या नेहमीच्या दिशेच्या उलट काही मिलिमीटर सरकण्यावरून उघड झाले.