गाडीच्या रंगावरचा ‘क्लिअर कोट’ म्हणजे काय? तो का जपायचा?

नव्या गाडीची आरशासारखी चमक ही मुख्यतः रंगाची नसते, तर रंगावर मारलेल्या एका पारदर्शक थराची असते. त्याला ‘क्लिअर कोट’ म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ असेही ऐकू येते. हा थर झिजला की आपोआप भरून येत नाही. म्हणून गाडी पॉलिशला देण्याआधी त्याची ओळख करून घेतलेली बरी.

पत्र्यावर किती थर असतात?

कारखान्यात पत्रा धुऊन त्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर सहसा प्रायमर, त्यावर रंग देणारा ‘बेस कोट’ आणि सर्वांत वर क्लिअर कोट असतो. बेस कोट साधारण १५ ते २० मायक्रॉनचा, तर क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. म्हणजे गाडीचे हे कवच आपल्या केसाहूनही बहुधा पातळच!

तो काम कसे करतो?

क्लिअर कोट ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन रेझिनचा असतो. कारखान्यात तो सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्या उष्णतेने रेझिनचे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन घट्ट जाळे तयार होते. दुरुस्तीच्या वेळी गाडीत वायरी आणि प्लास्टिकचे भाग असल्याने इतके तापवता येत नाही. तिथे क्लिअरमध्ये हार्डनर मिसळून साधारण ६० अंशांना वाळवतात.

या थरात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात, त्यामुळे खालचा रंग उन्हाने लवकर विटत नाही. मेटॅलिक रंगातील ॲल्युमिनियमचे बारीक कणही त्याच्याखाली सुरक्षित राहतात. पूर्वी रंग आणि चमक एकाच थरात असे. उन्हाने तो खडूसारखा भुरकट होई आणि पुसताना फडक्याला रंग लागे. १९८०च्या दशकात क्लिअर कोटची पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळली.

त्याचे नुकसान कशाने होते?

• पक्ष्यांची विष्ठा: उन्हात तापलेला थर किंचित मऊ होतो. त्यावर विष्ठा वाळली की डाग धुतल्यावरही खूण उरते.
• बोअरचे जड पाणी: ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.
• कोरडे फडके: धुळीचे कण घासले जाऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे पडतात.

ओरखडा किती खोल आहे?

ओरखड्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकले नाही, तर तो बहुधा क्लिअरमध्येच असून पॉलिशने जाऊ शकतो. नख अडकले किंवा वेगळा रंग दिसला, तर पॉलिशचा उपयोग नाही. पत्रा दिसत असेल तर गंज धरण्याआधी टचअप करून घ्या.

दर सर्व्हिसिंगला रबिंग-पॉलिश करावे का?

नाही. रबिंग ओरखडा ‘भरत’ नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून पृष्ठभाग समान पातळीवर आणते. दर वेळी थोडा थर जातो आणि त्याबरोबर उन्हापासूनचे संरक्षणही. कडांवर थर आधीच पातळ असतो, तिथे तो लवकर संपतो. वॅक्सचे तसे नाही. वॅक्स थर कमी करत नाही, पण नवा क्लिअरही देत नाही.

टपावर किंवा बॉनेटवर पांढुरके चट्टे पडून पोपडे निघू लागले, तर पॉलिश किंवा वॅक्सवर पैसे घालवू नका. तो भाग घासून नव्याने रंगवणे हाच उपाय उरतो.

म्हणून रोजची काळजीच स्वस्त पडते. गाडी शक्यतो सावलीत लावा आणि सावलीतच धुवा, आधी भरपूर पाण्याने धूळ काढा, विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने उचला. रबिंग मात्र खरोखर गरज असेल तेव्हाच.