बिलाचे पूर्णांकन (वस्तू व सेवा कर)

किरकोळ विक्रीच्या बिलात कर काढताना येणारे अपूर्णांक पैशापर्यंत आणणे आणि शेवटी बिलाची बेरीज पूर्ण रुपयात बसवणे. दुकानदारांच्या बोलीत 'राउंड ऑफ'. नाव एकच असले तरी या दोन क्रिया वेगळ्या आहेत. ग्राहकाला बिलाच्या तळाशी दिसते ती दुसरी. गंमत असते ती पहिलीत.

भारतात १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू आहे. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवर तो केंद्र (सीजीएसटी) आणि राज्य (एसजीएसटी) असा निम्मा-निम्मा लागतो. १८ टक्क्यांची वस्तू म्हणजे नऊ अधिक नऊ. हॉटेलात किंवा हार्डवेअरच्या दुकानात कर बहुधा दरावर चढवतात. पाकीटबंद मालावरची छापील किंमत मात्र सर्व करांसह असते, त्यामुळे तिथे हिशेब उलटा करावा लागतो : करासहित किमतीला कराच्या दराने गुणायचे आणि शंभर अधिक दर या संख्येने भागायचे. नियमावलीतील नियम ३५ हेच सूत्र सांगतो.

छापील किंमत १०० रुपये आणि दर १८ टक्के घेऊ. करपात्र मूल्य ८४.७४५७… म्हणजे ८४.७५ रुपये. केंद्राचा कर ७.६२७१… म्हणजे ७.६३, राज्याचाही तितकाच. तिन्ही आकडे नियमाप्रमाणे अचूक, पण बेरीज १००.०१! छापील किमतीपेक्षा जास्त घेणे गुन्हा आहे, म्हणून हा एक पैसा कुठेतरी जिरवावाच लागतो. काही संगणक प्रणाली मूल्य ८४.७४ धरतात, काही शेवटी उणे ०.०१ ची ओळ टाकतात.

पूर्णांकन प्रत्येक वस्तूवर करायचे की एकूण रकमेवर, यानेही उत्तर बदलते. करपात्र मूल्य १०.५० रुपये आणि दर ५ टक्के असलेल्या चार वस्तू घेतल्या, तर एकेका वस्तूवर अडीच टक्के ०.२६२५, म्हणजे २६ पैसे. चार वस्तूंचे १.०४ आणि दोन्ही कर मिळून २.०८ रुपये. तेच ४२ रुपयांवर एकदम काढले तर १.०५ अधिक १.०५, म्हणजे २.१०. गिऱ्हाइकाला दोन पैशांचे काय, पण रोज हजारो बिले फाडणाऱ्या दुकानाचे विवरणपत्र जुळवताना हेच पैसे हिशेबनिसाची संध्याकाळ खातात. दुकानाने एक पद्धत धरावी आणि ती सोडू नये, हे उत्तम.

केंद्रीय कायद्याचे कलम १७० देय कर, व्याज, दंड आणि परतावा जवळच्या रुपयात आणायला सांगते : ५० पैसे किंवा अधिक असल्यास रुपया वाढवायचा, कमी असल्यास सोडून द्यायचे. हा शासनाशी असलेल्या देण्याघेण्याचा नियम. बिलावरचा कर मात्र पैशांतच दाखवण्याचा प्रघात आहे, आणि तळाच्या 'राउंड ऑफ'ने कराची रक्कम बदलत नाही.

ही शेवटची ओळ आली ती सुट्ट्यांच्या टंचाईतून. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे आजही कायदेशीर आहे, पण ते पुढे केले तर दुकानदार आधी नाण्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. सुट्ट्यांऐवजी हातावर चॉकलेट ठेवणे हे पूर्णांकन नव्हे. ती न मागितलेली विक्री झाली. यूपीआयने ३४७.४० रुपये जसेच्या तसे देता येतात, तरी सवयीने बिल ३४७ चेच निघते. वह्यांत या फरकाचे वेगळे खाते असते. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक पूर्णांकन करणाऱ्या दुकानात वर्षाअखेर त्यात किरकोळ रक्कम उरते. नेहमी वरच्याच रुपयाला जाणाऱ्या दुकानात ते खाते एकाच बाजूला वाढत जाते आणि लेखापरीक्षकाच्या नजरेत येते.