नव्या झाडाचा पहिला उन्हाळा

आमच्या मुळशी खोऱ्यात झाड लावण्याचा मुहूर्त आषाढाचा. परंतु ते जगविण्याचा उद्योग खऱ्या अर्थाने सुरू होतो तो दिवाळीपासून. आषाढ-श्रावणात ताम्हिणीच्या बाजूने पाऊस असा कोसळतो, की रोपाला पाणी घालण्याचा विचारही मनात येत नाही. उलट आळ्यात तुंबलेले पाणी बाहेर काढून देण्यासाठी चर खणावा लागतो. हस्त संपला, की आभाळ निवळते, उतारावरची मुरमाड जमीन हां हां म्हणता सुकते आणि पुढचे सात महिने त्या रोपाला घरच्या माणसांवाचून कोणी वाली उरत नाही. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी हा अंक उघडून बसलेल्या वाचकांपुढे हा विषय अवेळी मांडला, असे कोणी म्हणू नये.

झाड लावणे हे एका दिवसाचे काम आणि वाढविणे हे अनेक वर्षांचे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती. सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वड लावल्याचे आणि आमराया उठविल्याचे सांगितले आहे; त्याच्याच जोडीला विहिरी खणविल्याचेही सांगितले आहे. त्या विहिरी वाटसरूंसाठी आणि गुराढोरांसाठी होत्या हे खरे. पण ज्या वाटेवर विहीर आहे, त्याच वाटेवरचे कोवळे झाड जगते, हे कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात या विचाराला राजनीतीचे स्थान मिळाले ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. झाडांविषयीचा त्यातील मजकूर हे थोरल्या महाराजांचे पत्र म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. वास्तविक आज्ञापत्र सिद्ध झाले ते १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात. पण लिहिणारा पुरुष शिवछत्रपतींच्या हाताखाली तयार झालेला, त्यामुळे त्यात थोरल्या महाराजांची राज्यरीत उतरली आहे, हे मात्र निःसंशय.

हा मजकूर आला आहे आरमाराच्या प्रकरणात, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जहाजे बांधायची तर लाकूड पाहिजे. आंबा, फणस यांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी पडते, हे अमात्य जाणतात. आणि तरीही त्याला हात लावू नये, असे बजावतात. कारण काय? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी फार दिवस सांभाळलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे. बळजोरी करू नये. दर्यावर शत्रू उभा असतानाही ज्या राजनीतीने परसातल्या फणसाला घातलेल्या पाण्याचा हिशेब धरला, ती राजनीती थोर खरी!

याच आज्ञापत्रानंतर सुमारे दोनशे वर्षांनी आमच्या खोऱ्यावर जो प्रसंग आला, तो पाहिला म्हणजे अमात्यांची थोरवी अधिकच जाणवते. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण बांधण्यास घेतले. पन्नासच्या आसपास गावांवर गंडांतर आले. १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा. आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. १९२४ च्या अखेरीस त्यांनी रुळांवर गाडी अडविली; सात वर्षांची शिक्षा झाली. लढा मोडला, धरण झाले, आंबेमोहोराची खाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ मध्ये घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली.

त्या वेळी जमिनी घेतल्या त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. न्याय म्हणून सांगितले पाहिजे, की उभ्या झाडांबद्दल भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यातही होती. तेथे उणीव होती ती धन्याच्या राजीखुशीची. आणि भरपाई झाली तरी ती लाकडाची आणि फळाची. आजीने डोक्यावरून आणलेल्या हंड्यांची भरपाई कोण आणि कशी करणार? विस्थापिताला नव्या ठिकाणी जमीन मिळते, घर उभे राहते. पण झाडाच्या बाबतीत त्याला पुन्हा पहिल्या उन्हाळ्यापासूनच आरंभ करावा लागतो. तो कायदा जाऊन २०१४ पासून नवा अमलात आला. तरी झाडाला वाढायला लागणारी वर्षे कोणत्याही कायद्याला कमी करता आलेली नाहीत.

स्वराज्य आल्यावर १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. हेतू उत्तमच होता. २०१९ च्या पावसाळ्यात तर महाराष्ट्राने ३३ कोटी रोपांचा संकल्प सोडला होता. पण महोत्सव होतो जुलैत, आणि झाडाची परीक्षा असते एप्रिल-मेमध्ये. त्या परीक्षेला सरकार प्रत्येकाच्या अंगणात येऊन बसू शकत नाही. ते घरच्यांनीच केले पाहिजे.

आणि करावयाचे ते फार अवघड नाही. दिवाळीत सुट्टीला आलेल्या मुलांना हाताशी घेऊन आळे नीट करावे. त्यात वाळलेला पाला, भाताचा पेंढा पसरावा, म्हणजे ओल टिकते. मात्र तो बुंध्याला भिडू देऊ नये, आणि वाळवीवर नजर ठेवावी. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी मुळांपर्यंत पोचेल असे भरपूर पाणी द्यावे. पाण्याची ओढ असेल तर जुन्या मडक्याच्या बुडाला भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून ते मुळाशेजारी पुरावे. एकदा भरले की झिरपत राहते. दुपारच्या उन्हाच्या बाजूने झावळ्यांचा आडोसा करावा. आधाराची काठी सैल सुतळीने बांधावी. कलम असेल तर जोडाखालून फुटणारे धुमारे वेळीच खुडावेत, नाहीतर खालचे रायवळ बळावते आणि वरचा हापूस मरतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आलेला मोहोरही मन घट्ट करून काढून टाकावा. बकऱ्यांसाठी काट्यांचे कुंपण, आणि होळीच्या आधी आळ्याबाहेरचे चार हात गवत साफ. कारण आमच्या डोंगरांत वणवा कोणाला विचारून येत नाही.

तीन उन्हाळे असे काढले, की झाड पुष्कळसे स्वतःचे स्वतः पाहू लागते. म्हणूनच आमच्या शाळेत रोप लावणाऱ्या मुलाच्या नावाची पाटी मी जुलैत लावू देत नाही. पुढल्या वर्षीचा मृगाचा पाऊस पडला आणि रोपाला नवी पालवी दिसली, की मग ती लागते. काही पाट्या कपाटातच राहतात. पण ज्या लागतात, त्यांच्याखाली बसून मुले डबा खातात, आणि ते झाड कोणी लाविले यापेक्षा सुट्टीत त्याला पाणी कोणी घातले, यावरच त्यांचे भांडण अधिक होते.